चुकलेलं इंग्रजी आणि राहिलेली माफी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली, तू कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी हो म्हटलं आणि आज विषय बदलून आले आहे. समितीने रागावू नये. दोष आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा आहे.

ग्रुप सुरू झाला त्या दिवशीचा पहिला मेसेज आठवतोय ना? 'लाँग टाइम नो सी!' त्याखाली दोन मिनिटांत आपल्यातल्या एका हुशार मित्राने लिहिलं, "यात कर्ता कुठे आहे? क्रियापदाचा काळ कोणता? बाईंनी पाहिलं तर पाचपैकी शून्य." मग रात्री बारापर्यंत वाद. कोणी म्हणालं हे इंग्रजीच नव्हे, कोणी म्हणालं अमेरिकेत सगळे असंच बोलतात. मी वाचत राहिले, लिहिलं काहीच नाही. मला त्या वादात हसूही येत होतं आणि एक जुनी गोष्ट टोचतही होती. त्या दोन्हींबद्दल बोलते.

आपण १९९६ च्या दहावीचे. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. ए फॉर ॲपल शिकलो तेव्हा आपल्याला मराठी कविता तोंडपाठ होत्या. त्यामुळे इंग्रजी आपल्या कानांत शिरली नाही, ती फळ्यावरून वहीत उतरली. नियम आधी, भाषा नंतर. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत म्हणून सांगत नाही, पण त्यांनी ते नियम असे पक्के करून घेतले की आजही कुणी 'ही डोन्ट' म्हणालं की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो. 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये माझा कधी मार्क गेला नाही. त्यातला एक नियम आपण सगळ्यांनी एका सुरात म्हटलेला आहे: दोन नकार मिळून होकार होतो.

या नियमाने मला एकदा रात्रभर जागवलं.

इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. दोन वर्षांनी आमच्या टीमचं काम अमेरिकेतल्या टीमबरोबर सुरू झालं. रोज संध्याकाळी फोनवर मीटिंग. मी त्या मीटिंगमध्ये बोलायचेच नाही. वाक्य मनात जुळवायचं, काळ तपासायचा, 'द' लागतो की नाही ते पाहायचं, आणि तोंड उघडावं तोवर विषय पुढे गेलेला. ज्यांना बोलता येत नाही ते गप्प बसतात असं नाही. ज्यांना चूक करायची भीती असते तेही गप्प बसतात. ही भीती लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

तर एका संध्याकाळी तिकडचा एक ज्येष्ठ सहकारी माझ्या कोडबद्दल म्हणाला, 'देअर एंट नथिंग राँग विथ इट.' आणि मीटिंग संपली. 'एंट' आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण सिनेमात ऐकून माहीत होतं की त्याचा अर्थ 'नाही'. मी वहीत लिहिलं. 'नथिंग राँग' म्हणजे काही चूक नाही. त्यावर आणखी एक 'नाही'. काही चूक नाही असं नाही. म्हणजे चूक आहे! संगणकालाही हेच शिकवलेलं असतं, नकाराचा नकार म्हणजे होकार. मी रात्रभर बसून कोडची ओळ न् ओळ तपासली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आतेबहिणीची हळद होती. मी गेले नाही. ती अजून बोलून दाखवते.

सकाळी माझ्या टीम लीडने विचारलं, "काय शोधतेस?" मी सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून हसला. म्हणाला, "अगं, तो म्हणाला, यात काहीएक चूक नाही. तुझं कौतुक करत होता."

मला राग आला. माझ्यावर नाही, त्या अमेरिकनावर. स्वतःची भाषा धड बोलता येत नाही! आणि आपण इथे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून मोठे झालो!

माझा धंदा असा आहे की कोणी म्हणालं 'सिस्टिममध्ये चूक आहे', तर पहिला प्रश्न विचारायचा, ही चूक परत परत होते का, आणि दर वेळी तशीच होते का? एकदाच झाली तर अपघात. हजार लोकांकडून, हजार वेळा, अगदी त्याच जागी, त्याच पद्धतीने होत असेल, तर ती चूक नसते. तो कुठे तरी लिहिलेला नियम असतो. फक्त आपल्याला दिलेल्या माहितीपुस्तिकेत तो छापलेला नसतो. हा प्रश्न मी इंग्रजीला विचारायला लागले, आणि गंमत सुरू झाली.

दुहेरी नकारच घ्या. इंग्रजीचा आद्य महाकवी चॉसर, चौदाव्या शतकातला. आपल्या सभ्य सरदाराचं वर्णन करताना त्याने एका वाक्यात चार नकार घातले आहेत, आणि अर्थ एवढाच की त्याने जन्मात कुणाला वावगा शब्द बोलला नाही. तेव्हा नकारावर नकार म्हणजे नकार आणखी घट्ट. स्पॅनिशमध्ये आजही 'मला काही दिसत नाही' म्हणायला 'नो वेओ नादा' म्हणतात, शब्दशः 'नाही दिसत काहीनाही'. तिथे कोणी रात्रभर चूक शोधत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या लोकांत पुढे ही पद्धत मागे पडली. रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूचं इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये पहिल्यांदा आलं. त्याने आणि त्याच्यासारख्या पुस्तकांनी 'दोन नकार एकमेकांना खातात' हा हिशोब शाळाशाळांत पोहोचवला. तिथून तो बोटीने आपल्याकडे आला आणि शेवटी आपल्या फळ्यावर. पण इंग्लंड-अमेरिकेत घरात, शेतात, कारखान्यात बोलणारी माणसं जुन्याच पद्धतीने बोलत राहिली. म्हणजे माझा तो सहकारी भाषा बिघडवत नव्हता. त्याच्याकडे चॉसरच्या काळचा नियम शिल्लक होता.

आणि ते 'एंट'? ते 'ॲम नॉट'चं झिजलेलं रूप, पुढे 'इज नॉट', 'आर नॉट'साठीही वापरात आलेलं. एके काळी इंग्लंडातली प्रतिष्ठित मंडळीही ते बोलत. नंतर त्याला वर्गाबाहेर उभं केलं. त्याच्या जागी कोण बसलं पाहा: 'आरन्ट आय?' 'आय आर' असं कोणी म्हणत नाही, तरी 'आरन्ट आय' शुद्ध! कोणता शब्द आत आणि कोणता बाहेर, हे दर वेळी तर्काने ठरत नाही. तो शब्द कोण बोलतं, यावरही ठरतं.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. 'लाँग टाइम नो सी'मध्ये कर्ता नाही, कारण ते वाक्य बाहेरून आलं आहे. चिनीमध्ये अगदी याच क्रमाने हेच शब्द असलेला वाक्प्रचार आहे. बंदरांवर चिनी आणि इंग्रज व्यापारी जी मोडकीतोडकी सामाईक भाषा बोलत, तिच्यातून ते आलं असं काही अभ्यासक मानतात. काही म्हणतात, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजीतून. कसंही असो, ते सबंध एक गाठोडं आहे. ते सोडून त्यातले शब्द बदलता येत नाहीत. 'लाँग टाइम नो ईट' म्हटलं तर लोक विनोद म्हणून हसतील. म्हणजे असे प्रयोग ओळखायची एक खूण मिळाली: काही गाठोडी असतात, ती जशीच्या तशी उचलायची. 'माय बॅड' म्हणजे 'चुकलं माझं'. जेवताना वाढायला आले आणि समोरचा 'आय ॲम गुड' म्हणाला, तर तो स्वतःच्या सद्गुणांबद्दल बोलत नसतो, 'बस, नको' म्हणत असतो. अमेरिकन माणूस 'आय कुड केअर लेस' म्हणाला की शब्दांचा हिशोब उलटा लागतो, पण त्याचा अर्थ 'मला काडीची पर्वा नाही' असाच घ्यायचा.

तुम्ही म्हणाल, ही काय भाषा झाली, बोलतात एक आणि अर्थ दुसरा. मग आईने हाक मारल्यावर आपण काय म्हणायचो? "आलेच!" बसलेलो असायचो अंगणात, हातात चिंचोके, उठायचा पत्ता नाही, आणि क्रियापद भूतकाळी! पाहुणा निघताना 'येतो' म्हणतो आणि जातो. दुकानदार दुकान 'वाढवतो' म्हणजे बंद करतो. आणि समोर एकच सर उभे असताना आपण अनेकवचनात विचारतो, "तुम्ही जेवलात का?" इंग्रजीतही 'यू' मुळात अनेकवचनीच. एका माणसासाठी 'दाऊ' होता. मानापायी सगळ्यांनाच 'यू' म्हणता म्हणता 'दाऊ' मेला. म्हणून आजही एकट्या माणसाला 'यू आर' म्हणतात, 'यू इज' नाही. आपला 'तुम्ही' आणि त्यांचा 'यू' एकाच वाटेने गेले. आपल्या भाषेत या गोष्टी आपल्याला चुका वाटत नाहीत, कारण त्या आपण फळ्यावरून नाही, आईच्या कडेवरून शिकलो.

इथवर हसण्यावारी झालं. आता ती टोचणारी गोष्ट.

२००७ मध्ये कंपनीने मला दोन वर्षांसाठी मिशिगनला पाठवलं. टीममध्ये डेट्रॉइटची एक कृष्णवर्णीय सहकारी होती, टेस्टिंग करायची. माझ्या कोडमधली चूक तिच्या नजरेतून सुटली असं एकदाही झालं नाही. मीटिंगमध्ये तिचं इंग्रजी रेडिओवरच्या बातम्यांसारखं. दुपारी बहिणीशी फोनवर बोलायची तेव्हा मात्र वेगळंच. एकदा कानावर आलं, 'शी बी वर्किंग.' माझं लाल पेन आतून उठलं. 'बी' नाही, 'इज'! धीर करून मी तिला विचारलं. ती रागावली नाही, पण माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे 'शी वर्किंग' म्हणजे आत्ता काम करतेय. 'शी बी वर्किंग' म्हणजे नेहमी करत असते. तुमच्या पुस्तकी इंग्रजीला हे एका क्रियापदात सांगता येतं का?"

मी गप्प झाले, कारण मला मराठी आठवली. 'करतेय' आणि 'करत असते'. हुबेहूब तोच फरक! पुस्तकी इंग्रजीला त्यासाठी 'यूझुअली' जोडावं लागतं. जिला मी चूक म्हणत होते, तो माझ्याच भाषेतला नियम होता.

नंतर मी या विषयावरचं मिळेल ते वाचलं. जॅनिस जॅक्सन नावाच्या संशोधिकेने लहान मुलांना 'सेसमी स्ट्रीट'मधल्या पात्रांची चित्रं दाखवली. एल्मो बिस्किटं खातोय, आणि नेहमीचा बिस्किटखाऊ कुकी मॉन्स्टर आजारी पडलाय, त्याच्याकडे बिस्किट नाही. 'हू इज ईटिंग कुकीज?' विचारल्यावर सगळी मुलं म्हणाली, एल्मो. 'हू बी ईटिंग कुकीज?' विचारलं, तर कृष्णवर्णीय मुलांनी कुकी मॉन्स्टरकडे बोट दाखवलं, कारण रोज खात असतो तो हा! गोऱ्या मुलांना बहुतेक वेळा हा फरक कळलाच नाही. सांगा, व्याकरण कोणाचं कच्चं?

आणि मी राहत होते तिथून जवळच, ॲन आर्बर गावात, १९७९ मध्ये एका खटल्याचा निकाल लागला होता. गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांचं म्हणणं होतं की आमच्या मुलांची घरची बोली शाळेला कळत नाही, म्हणून ती मागे पडतात. न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी म्हटलं, शिक्षकांनी मुलांची घरची बोली ओळखायला शिकलं पाहिजे, आणि त्या माहितीच्या आधारावर त्यांना प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवलं पाहिजे. त्यांनी प्रमाण भाषा शिकवू नका असं सांगितलं नाही. मुलाच्या तोंडची भाषा हा त्याचा मंदपणा समजू नका, एवढंच सांगितलं.

तो निकाल वाचला त्या रात्री मला मिशिगन दिसत नव्हतं. आपला आठवी 'ब'चा वर्ग दिसत होता.

आपल्या वर्गात वाडीवरून चालत येणारी एक मुलगी होती. एकदा फळ्यावरची आकृती कोणी तरी पुसली. सरांनी विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "म्या न्हाई पुसलं, सर." अख्खा वर्ग हसला. पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत 'म्या न्हाई, म्या न्हाई' चाललं होतं. ती नक्कल सगळ्यांत चांगली कोणाला जमायची माहीत आहे? मला. वक्तृत्वाची ढाल माझ्याकडे होती ना.

ते 'म्या' आता ऐका. ज्ञानेश्वरीत 'म्यां' आहे, जुन्या मराठी गद्यात आहे. 'मी'ची ती तृतीया. 'मी आले', पण 'म्यां केलें'. आपल्या प्रमाण मराठीत दोन्हीकडे 'मी'च उरला. जो फरक आपण गमावला, तो तिच्या घरात सातशे वर्षं जपून ठेवलेला होता. ज्ञानेश्वरी १२९० ची, आणि दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं १८३६ मध्ये. मधली साडेपाचशे वर्षं माणसं काय चुकीचं बोलत होती? तिच्या वाक्यात चूक नव्हती. चूक हसणाऱ्यांची होती.

त्या दिवसानंतर दहावीपर्यंत तिने वर्गात हात वर केला नाही. मी मघाशी म्हणाले, भीती लक्षात ठेवा. मी मीटिंगमध्ये दोन वर्षं गप्प बसले, तेव्हा मला वाटायचं, हा अन्याय माझ्यावर होतोय. तशीच भीती मी कोणाच्या तरी वाट्याला आधीच देऊन आले होते, हे कळायला मला सात समुद्र ओलांडावे लागले.

गेल्या महिन्यात तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. माफी मागितली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू हसलेली वेगळी आठवत न्हाई गं. समदेच हसल्यालं आठवतंय." यापेक्षा तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, मेळाव्यात सांगू का? म्हणाली, "सांग. नाव घिऊ नगंस." म्हणून नाव घेत नाही. आज ती डाळिंबाची बाग स्वतः पाहते, बचत गटाच्या बैठकीत चाळीस बायकांपुढे बोलते, आणि तिच्याच बोलीत बोलते. ती आज इथे बसली आहे. एकटीला फोनवर मागितलेली माफी पुरेशी नाही, कारण हसलो आपण सगळ्यांदेखत होतो. म्हणून सगळ्यांदेखत सांगते. माझं चुकलं गं.

बाई, तुमच्या लाल पेनाविरुद्ध मी बोलत नाही. तुम्ही शिकवलेल्या प्रमाण इंग्रजीवर माझं घर चाललं आहे. ग्राहकाला पत्र लिहिताना मी 'एंट' लिहीत नाही, आणि माझ्या मुलीने परीक्षेत 'ही डोन्ट' लिहिलं तर मी तिला सुधारते. प्रमाण भाषा शाळेच्या गणवेशासारखी आहे. ती सगळ्यांना मिळाली पाहिजे, विशेषतः ज्यांच्या घरी नाही त्यांना. पण गणवेश देताना मुलाच्या अंगावरचे घरचे कपडे घाणेरडे आहेत असं सांगायची गरज नसते. आपल्यातले सात-आठ जण आज शिक्षक आहेत, बाकीचे बहुतेक आईबाप आहेत. एवढंच मागणं आहे. मूल काही वेगळं बोललं, तर 'चूक' म्हणायच्या आधी एकदा विचारा, "तुमच्याकडे असंच म्हणतात का रे?" मग प्रमाण रूप सांगा. दोन्ही त्याच्यापाशी राहू द्या.

आणि ग्रुपवरच्या त्या वादाचा निकाल लावायचा, तर माझ्या मते 'लाँग टाइम नो सी'ला पाचपैकी पाच. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर कर्ता आणि क्रियापद शोधत बसायला वेळ कोणाला आहे!

जेवणाची वेळ झाली आहे, तिकडून खुणा होताहेत. थांबते. आणि संध्याकाळी निघताना मी 'जाते' म्हणणार नाही, आपल्याकडे तसं म्हणत नाहीत. येते.